हेरेसला जाणाऱ्यांनीं आधीं मळा पाहावा

अलीकडे आपल्याकडील द्राक्षबागाईतदारांमध्यें परदेशची शेती पाहून येण्याची हौस वाढली आहे. कांहीं जण सरकारी अभ्यासदौऱ्यांतून जातात, कांहीं पदरचा पैसा खर्चून जातात. ही हौस इष्टच आहे. परंतु परत आलेल्या मंडळींचीं छायाचित्रें पाहिलीं व बोलणें ऐकलें म्हणजे मनांत एक शंका उभी राहते. मोठमोठीं कोठारें, पिंपांच्या रांगा, चवीसाठीं मांडलेले पेले, एखादें जुनें देवालय आणि फार तर रात्रीचा नाच ! ज्या जमिनींतून हें सारें वैभव निघालें ती जमीन पाहण्यास मात्र वेळ उरत नाहीं. स्पेन देशाच्या दक्षिण टोकाजवळचें हेरेस शहर हें या प्रकाराचें ठळक उदाहरण होय. त्या शहरास शेतकऱ्यानें अवश्य भेट द्यावी असेंच आमचें मत आहे. भेटीचा क्रम मात्र रूढ क्रमाच्या उलट असावा, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

एक गोष्ट आधींच सांगून टाकतों. द्राक्षासव प्यावें कीं पिऊं नये हा वाद येथें काढावयाचा नाहीं. ज्यास तें वर्ज्य आहे त्यानें पेला बाजूस सारावा. माती, छाटणी आणि भाव हे विषय कोणासच वर्ज्य नसतात.

शहराचें पुरें नांव हेरेस दे ला फ्रोन्तेरा, म्हणजे सरहद्दीवरील हेरेस. १२६४ सालीं कास्तीलचा राजा दहावा आल्फोन्सो यानें तें मुसलमानी अमलांतून कायमचें घेतलें व पुढें ग्रानादाच्या मूर राज्याची सीमा जवळच राहिल्यानें हें उपपद चिकटलें. अरबी अमदानींत या गांवास शेरीश म्हणत. इंग्रज व्यापाऱ्यांच्या तोंडीं त्याचेंच 'शेरी' झालें. म्हणजे जगभर जें नांव मद्याचें म्हणून गाजलें तें मूळचें एका गांवाचें. कोर्दोव्याच्या खलिफानें दहाव्या शतकांत येथील वेली उपटण्याचा हुकूम काढला, तेव्हां सैन्याला बेदाणे लागतात हें निमित्त पुढें करून शेतकऱ्यांनीं बऱ्याचशा वेली वांचविल्या, अशी कथा तेथें सांगतात. राज्यकर्त्याशीं वाद घालतांना त्याच्याच गरजेचा दाखला द्यावा हें शहाणपण शेतकऱ्याला कोणत्याहि देशांत उपजतच असतें, असें दिसतें. १५८७ सालीं इंग्रज दर्यावर्दी ड्रेक यानें शेजारच्या कादिझ बंदरावर छापा घालून येथील मद्याचीं सुमारें २,९०० पिंपें पळविलीं. त्यानंतर इंग्लंडांत या मद्याची गोडी अधिकच वाढली, असें इतिहासकार लिहितात. लुटीच्या मालानें बाजारपेठ निर्माण व्हावी हा योगायोग मोठा विलक्षण !

आतां प्रवाशाला काय दाखवितात तें थोडक्यांत सांगतों. बाराव्या शतकांतील मूर लोकांचा किल्ला आहे. त्यांत एक लहानशी मशीद, हमामखाना व अठराव्या शतकांतील तेलाचा घाणा जतन केला आहे. तेलघाणा अवश्य पाहावा. ऑलिव्हचें फळ दळण्याच्या दगडांची घडण आपल्या तेल्यांसहि ओळखीची वाटेल. किल्ल्यानजीक मुख्य देवालय आहे. त्याचें काम सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालें आणि १९८० सालीं त्यास बिशपच्या पीठाचा दर्जा मिळाला. याच देवालयाच्या पायऱ्यांवर दर सप्टेंबरांत द्राक्षें तुडविण्याचा समारंभ होतो. तोडणीच्या या उत्सवाचा आरंभ १९४८ सालचा. घोड्यांची राजशाळा १९७३ सालीं स्थापन झाली असून तेथील घोड्यांचा पदन्यास पाहण्यास लोक लांबून येतात. कार्थुसियन मठांतील साधूंनीं जोपासलेल्या अश्ववंशाची परंपरा त्यामागें आहे, त्यामुळें पशुपैदाशींत रस असणाऱ्यांनीं ती चुकवूं नये. यानंतर प्रवाशाला कोठारांत नेतात, दोन-चार पेले हातीं देतात, आणि भेट संपते.

आमचें म्हणणें असें कीं, शेतकऱ्यानें यांपैकीं कांहींहि पाहण्याआधीं शहराबाहेर पडावें. वायव्येकडे मंद चढउताराच्या टेकड्या लागतात. माचार्नुदो, बाल्बाइना, कार्रास्काल, आनिना हीं त्यांतील नामांकित शिवारांचीं नांवें. तेथील माती पाहून आपल्याकडील मनुष्य प्रथम चकित होतो, कारण ती पांढरी शुभ्र आहे. 'आल्बारीसा' हें तिचें नांवच पांढरेपणावरून पडलें आहे. प्राचीन समुद्राच्या तळाशीं साचलेल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांची ती बनलेली असून तिच्यांत चुन्याचा अंश फार मोठा आहे. आपल्याकडे चुनखडीची जमीन म्हटली कीं बागाईतदार नाक मुरडतो. हेरेसांत तीच जमीन सर्वांत किंमतवान.

याचें कारण पाणी. हेरेसांत वर्षाकाठीं सरासरीनें ६०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोहि बहुतेक हिवाळ्यांत. ज्या काळांत वेल फुटते, फुलते व घड भरते त्या काळांत आकाशांतून जवळजवळ थेंब येत नाहीं, आणि बागा मुख्यतः कोरडवाहू. अशा स्थितींत ही माती हिवाळ्याचें पाणी स्पंजाप्रमाणें पोटांत घेते आणि उन्हाळा लागतांच पृष्ठभागीं घट्ट पापुद्रा धरते. आपल्या काळ्या रानाला चैत्र-वैशाखांत हात हात भेगा पडतात व त्या वाटें ओल उडून जाते. येथें तो पापुद्राच झांकणाचें काम करतो. वेलीचीं मुळें ओलीचा माग काढीत कित्येक हात खालीं उतरतात.

परंतु सारें श्रेय मातीलाच देणें अन्यायाचें होईल. तोडणी आटोपली कीं शेतकरी दोन ओळींमधील जागेंत, उताराच्या आडवीं, एकामागून एक चौकोनी आळीं काढतात. त्यांच्या कडा मातीच्या वरंब्यांनीं बांधलेल्या असतात. हिवाळ्याचा पाऊस टेकडीवरून वाहून न जातां या आळ्यांत साचतो व जागच्या जागीं मुरतो. वसंत ऋतु आला म्हणजे आळीं मोडून जमीन पुन्हां सपाट करतात. या पद्धतीला तेथें 'आसेर्पियादो' म्हणतात. पूर्वीं हें काम कुदळीनें होत असे, आतां यंत्रानें होतें. समतल चर, वाफे, बांधबंदिस्ती यांविषयीं आपण दुष्काळी तालुक्यांत वर्षानुवर्षें बोलत आलों. तींच कामें जेथें कोणी योजना म्हणून नव्हे तर वहिवाट म्हणून दरवर्षीं करतो, असा प्रदेश पाहण्याचा योग शेतकऱ्यानें कां सोडावा ?

छाटणीहि तशीच पाहण्यासारखी. जुन्या पद्धतीला तेथें 'काठी आणि अंगठा' अशा अर्थाचें नांव आहे. वेलीला दोन हात ठेवतात. एका हातावर सुमारें आठ डोळ्यांची लांब काडी ठेवतात. यंदाचें फळ त्या काडीवर. दुसऱ्या हातावर एक-दोन डोळ्यांचा आखूड खुंटा ठेवतात. त्यावरून पुढील वर्षाची काडी तयार होते. पुढल्या वर्षीं दोन हातांच्या भूमिका बदलतात. एक हात कमावतो तेव्हां दुसरा विसावा घेतो, असा हा हिशेब आहे. आपण वर्षांतून दोनदां, एकदां एप्रिलांत व एकदां ऑक्टोबरांत, वेलीवर कात्री चालवितों, कारण आपल्या हवेंत वेल झोपत नाहीं. त्यांच्याकडे वेल हिवाळ्यांत खरोखरच निजते, म्हणून एक छाटणी पुरते. तेव्हां ती पद्धत उचलून आणण्याजोगी नाहीं. मात्र काडीबरोबर खुंट्याचाहि विचार करण्याची तिच्यांतील संवय आणण्याजोगी आहे. यंत्रानें तोडणी करतां यावी म्हणून तारांवर चढविलेल्या बागा आतां तेथें पुष्कळ झाल्या आहेत. जुनी छाटणी जाणणारे हात कमी होत चालले आहेत.

मुळांकडेहि लक्ष द्यावें. १८९४ सालीं फिलोक्सेरा नांवाची, माव्याच्या कुळांतील, मुळें शोषणारी कीड हेरेसच्या मळ्यांत शिरली व कांहीं वर्षांत जुने मळे बसले. उपाय एकच निघाला. ज्या अमेरिकेंतून कीड आली तेथील रानद्राक्षाचीं मुळें ती कीड सोसतात, म्हणून त्या खुंटावर स्पॅनिश वेलीचें कलम करावयाचें. आज तेथील पालोमिनो द्राक्षाची वेल अमेरिकन पायावर उभी आहे. आपल्या नाशिक-सांगलीकडील बागाहि आतां बहुतांशीं डॉगरिजसारख्या अमेरिकन खुंटावरच उभ्या आहेत. आपण तो खुंट कीड म्हणून नव्हे तर क्षारयुक्त पाणी व जमीन यांसाठीं घेतला, एवढाच फरक. हेरेसच्या रांचो दे ला मेर्सेद या सरकारी संशोधनकेंद्रांत द्राक्षाच्या जातींचा मोठा संग्रह राखलेला आहे. या प्रांतांत अशा अभ्यासाची परंपराहि जुनी. सिमोन दे रोहास क्लेमेन्ते या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८०७ सालीं आंदालुसियांतील द्राक्षांच्या जातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला तो या विद्येचा पाया घालणाऱ्या ग्रंथांत गणला जातो.

मळा पाहून झाल्यावर शहरांत परतावें. पण कोठाराच्या दारांत पाऊल टाकण्याआधीं एक जुना तंटा समजून घ्यावा, नाहींतर आंत जें दिसेल त्याचा अर्थ लागणार नाहीं. वाटाड्ये हा तंटा दोन वाक्यांत उरकतात. शेतकऱ्यानें त्यावर अर्धा दिवस खर्चावा.

१७३३ सालीं हेरेसांत द्राक्षासव उत्पादकांच्या संघाचे नियम मंजूर झाले. या संघाला ग्रेमियो म्हणत. त्यांत वरचष्मा मळेवाल्यांचा होता. संघ दरवर्षीं द्राक्षांचे व नव्या रसाचे भाव ठरवी, बाहेरचें मद्य गांवांत येऊं देत नसे, आणि मुख्य म्हणजे व्यापाऱ्याला मोठा सांठा करूं देत नसे. या शेवटल्या नियमामागची भीति अगदीं उघड आहे. व्यापाऱ्याच्या कोठारांत दोन-तीन वर्षांचा माल पडून राहिला तर तो ऐन तोडणीच्या वेळीं हात आखडता घेईल आणि भाव पाडील. शेतकऱ्याचा माल मात्र वेलीवर थांबत नाहीं. ज्यानें कांदा किंवा टोमॅटो घेऊन बाजार गांठला आहे, त्यास या भीतीचें विवरण करून सांगण्याची गरज नाहीं.

परदेशाशीं व्यापार करणारांस हा नियम जाचूं लागला. १७७० नंतरच्या दशकांत हौरी नांवाच्या फ्रेंच वंशाच्या व्यापाऱ्यानें संघाशीं दीर्घ कज्जा मांडला. स्वतःचे मळे, स्वतःचें कोठार आणि स्वतःची निर्यात असा सर्व व्यवहार एका हातीं असावा, ही त्याची मागणी होती. कज्ज्यांमागून कज्जे झाले, काळ व्यापाऱ्यांस अनुकूल होत गेला आणि १८३४ सालीं राजाज्ञेनें संघच बरखास्त झाला. त्यानंतर सांठवणीवरील बंधन उरलें नाहीं. आज जीं देवळासारखीं उंच कोठारें आपण माना वर करून पाहतों तीं बव्हंशीं एकोणिसाव्या शतकांत उठलीं तीं या निकालाच्या जोरावर.

संघाची बाजू खरी होती कीं व्यापाऱ्यांची ? आमच्या मतें संघाची भीति खरी होती आणि उपाय खोटा होता. सांठवणीनें माल सुधारतो ही गोष्ट निसर्गाची होती, तिला नियमानें बंदी घालून चालण्यासारखें नव्हतें. संघानें बंदीसाठीं शंभर वर्षें जें बळ खर्चलें तेंच मळेवाल्यांचीं सामाईक कोठारें उभारण्यांत खर्चलें असतें तर पुढील इतिहास निराळा झाला असता. सहकारी रसशाळा तेथें निघाल्या, पण त्या विसाव्या शतकांत; तोंवर नांव, पिंपें व गिऱ्हाईक हीं तिन्ही मोठ्या पेढ्यांच्या हातीं जाऊन बसलीं होतीं. सहकारी संस्थांचा पुष्कळसा रस त्याच पेढ्यांच्या कोठारांत ओतला जाई, आणि त्यावर नांव पेढीचें लागे.

हें समजून कोठारांत शिरलें म्हणजे तेथील व्यवस्था केवळ कौतुकाचा विषय राहत नाहीं. भिंती जाड, छत उंच, खिडक्या वर. त्या समुद्राकडून येणाऱ्या ओलसर पश्चिम वाऱ्याला उघड्या व पूर्वेच्या कोरड्या वाऱ्याला बंद. जमिनीवर फरशी नसून पिवळी रेताड माती पसरलेली असते व उन्हाळ्यांत तिच्यावर पाणी शिंपडतात, म्हणजे आंतील हवा थंड व दमट राहते. ६०० लिटरांच्या पिंपांत ५०० लिटरच भरतात. वरच्या मोकळ्या जागेंत मद्याच्या पृष्ठभागावर यीस्टची पांढरी साय धरते. तिला तेथें 'फ्लोर', म्हणजे फूल, असें गोड नांव आहे. ही साय हवेला मद्याशीं भिडूं देत नाहीं, आणि 'फिनो' हें हलकें मद्य तिच्याखालीं तयार होतें. सायीला मानवेल इतकेंच, म्हणजे शेंकडा १५ च्या आसपास, मद्यार्काचें प्रमाण राखावें लागतें. १७ च्या वर गेलें कीं साय मरते आणि गडद रंगाचें 'ओलोरोसो' होतें.

पिंपांची मांडणी थरांवर थर अशी असते. सर्वांत खालच्या रांगेंतून विक्रीसाठीं थोडें मद्य काढतात, सहसा एक-तृतीयांशापेक्षां अधिक नाहीं. तितकेंच वरच्या रांगेंतून खालीं घालतात, आणि सर्वांत वर नव्या वर्षाचें येतें. पिंप कधींच रितें होत नाहीं. आपल्या घरीं कालच्या विरजणावर आजचें दूध लागतें व घरच्या दह्याची चव पिढ्यान्‌पिढ्या एकच राहते, त्यांतलाच हा प्रकार. पण या विरजणाला भांडवल किती लागतें पाहा ! माल विकण्याजोगा होण्यास निदान दोन वर्षें, पुष्कळदां त्याहून अधिक; आणि तळचा सांठा तर कधींच विकावयाचा नाहीं. ज्याच्यापाशीं थांबण्याची ताकद आहे त्याचाच हा धंदा. १७३३ च्या मळेवाल्यांनीं नेमकें हेंच ओळखलें होतें.

मजुरांची कथा तर वाटाड्याच्या भाषणांत क्वचितच येते. १८९२ सालच्या जानेवारींत, एका रात्रीं, शेंकडों शेतमजूर हत्यारें घेऊन हेरेस शहरांत शिरले. दंगा सकाळपर्यंत मोडला. पुढील महिन्यांत चार जणांस देहांत शिक्षा झाली. त्या काळच्या मळ्यांतील व शेतवाड्यांतील मजुरांचें जिणें ब्लास्को इबान्येस या कादंबरीकारानें १९०५ सालच्या आपल्या 'ला बोदेगा' या कादंबरींत रंगविलें आहे. सान्तियागो आणि सान मिगेल या दोन मोहल्ल्यांत फ्लामेंको गाण्याचीं जुनीं घराणीं आहेत. त्यांतील पुष्कळ जिप्सी कुटुंबांनीं शेतांत, लोहारशाळेंत व कोठारांत राबून पोट भरलें. आपल्या जात्यावरच्या ओव्या ऐकणाऱ्यास त्या गाण्याचा सूर परका वाटणार नाहीं, जरी शब्द कळले नाहींत. तें गाणें डामडौलाच्या नाट्यगृहांत ऐकण्यापेक्षां मोहल्ल्यांतील मंडळांत ऐकावें.

आज तेथील मळेवाल्यांची स्थिति कशी आहे ? १९३३ च्या द्राक्षासव-कायद्यानंतर हेरेसच्या नांवाचें रक्षण करणारें नियामक मंडळ उभें राहिलें. स्पेनांतील अशा मंडळांत तें पहिलें. मंडळ क्षेत्र नोंदतें, एकरीं उत्पन्नावर मर्यादा घालतें, नांवाचा गैरवापर रोखतें. मर्यादा हेक्टरीं ११,४२८ किलोंची, म्हणजे एकरीं साडेचार टनांच्या थोडी वर. परंतु मंडळाला खप निर्माण करतां येत नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत स्वस्त माल भरमसाट विकण्याची चढाओढ लागली. अनेक कोठारें विकत घेतलेला रुमासा हा उद्योगसमूह १९८३ सालीं सरकारनें ताब्यांत घेतला. मद्याचें नांव उतरलें, खप घटला, आणि वेली उपटण्यास अनुदान देण्याची पाळी आली. १९८० च्या सुमारास २०,००० हेक्टरांहून अधिक असलेलें क्षेत्र आज सुमारें ७,००० हेक्टरांवर आलें आहे. टेकड्यांवरील जुनीं मळेघरें कित्येक ठिकाणीं छपरें पडून उभीं आहेत. उलट शहरांतील कोठारांत प्रवाशांची गर्दी आहे. शिवाय स्कॉटलंडच्या व्हिस्कीसाठीं शेरीनें मुरविलेलीं रिकामीं पिंपें तयार करून देण्याचाहि धंदा भरभराटला आहे. २०१४ सालीं हेरेसास युरोपचें द्राक्षासव-नगर हा मान मिळाला. शहर मानाला पात्रच आहे. पण त्या मानाचा वांटा पांढऱ्या टेकडीवरील मनुष्यापर्यंत किती पोंचतो, हें विचारणाराला कोठाराच्या तिकिटांत उत्तर मिळत नाहीं.

आपल्या राज्यानें २००१ सालीं द्राक्षप्रक्रिया-उद्योगाचें धोरण जाहीर केलें, नाशिककडे मद्यशाळा उठल्या, प्रवासी येऊं लागले. २००९ च्या आसपास मागणी मंदावली तेव्हां करारावर मद्याचीं द्राक्षें लावणाऱ्या कित्येक बागाईतदारांनीं वेली उपटल्या. मद्यशाळांचे दिवाणखाने मात्र उघडेच राहिले. म्हणून आपल्या मंडळींनीं हेरेसांत दोन प्रश्न जरूर विचारावे : यंदा किलोस काय भाव मिळाला, आणि तो तोडणीच्या आधीं ठरला कीं नंतर. अलीकडे कांहीं लहान मळेवाले आपल्या शिवाराच्या नांवानें स्वतःच थोडें मद्य करून विकूं लागले आहेत. त्यांची गांठ पडल्यास सर्वांत उत्तम. ते मळा दाखवितात, हिशेबहि सांगतात.

जाण्याच्या काळाविषयीं. मे महिन्यांत घोड्यांची जत्रा व सप्टेंबरांत तोडणीचा उत्सव असतो, म्हणून त्या वेळीं गर्दी फार व भाडीं चढीं. तोडणी आतां ऑगस्टांतच सुरू होत असल्यानें उत्सवास गेलेल्याला ती बहुधा हुकते. शेतकऱ्यानें शरद ऋतूच्या उत्तरार्धांत जावें, तेव्हां आळीं काढलेलीं असतात; किंवा जानेवारींत जावें, तेव्हां छाटणी चाललेली असते व आळ्यांत पाणीहि दिसूं शकतें. टेकड्यांपर्यंत जाण्यास भाड्याची गाडी करावी व मालकाची परवानगी आधीं घ्यावी. सोबत मोजपट्टी ठेवावी. आळ्याची लांबी, रुंदी, खोली आणि उताराचें मान टिपून जो कोणी या मासिकाकडे पाठवील त्याचें टिपण संपादक आनंदानें छापतील, अशी खात्री वाटते.